फटफटीवरून थरच्या वाळवंटात

वाचकहो, वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नुसती वाळू आणि उंट उभे राहतात. पण राजस्थानातील बिकानेर ते जैसलमेर हा सुमारे ३३० किलोमीटरचा रस्ता एकदा फटफटीवरून कापून पाहा. आगगाडीच्या खिडकीतून जे निसटून जाते, ते दुचाकीवर बसलेल्या शेतकऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. वाटेवरच्या फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, यावरून उन्हाळ्याची कल्पना यावी. हिवाळ्यात पहाटे मात्र बोटे गारठतात, तेव्हा हातमोजे हवेतच. वाऱ्याने वाळू सडकेवर येते. तिच्यावर एकदम ब्रेक दाबला की गाडी घसरलीच म्हणून समजा. एअर फिल्टर वरचेवर झाडावा. चेनला तेल बेताचेच द्यावे, नाहीतर वाळू चिकटून चेन झिजते. पिण्याचे पाणी सोबत ठेवावे आणि दिवेलागणीच्या आत मुक्काम गाठावा, कारण अंधारात रस्त्यात उभा असलेला उंट दिसत नाही.

फलोदी, रामदेवरा, पोकरण अशी गावे मागे पडतात तसतशी जमीन अधिकच कोरडी दिसू लागते. जैसलमेरकडे वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरही पाऊस नाही. आपल्या माण-सांगोल्याकडे ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तरी आपण त्याला अवर्षणाचा मुलूख म्हणतो. मग इथली माणसे जगतात कशी?

गाडी जरा थांबवा आणि रस्त्याकडेची शेते पाहा. खरिपात इथे बाजरी, मटकी, गवार होते. शेतात मधूनमधून शमीची झाडे राखलेली दिसतात. दसऱ्याला आपण पूजतो तीच ही शमी. इथे तिला खेजडी म्हणतात. तिचा पाला जनावरांना, शेंगांची भाजी माणसांना, आणि तिच्याखाली पीकही चांगले येते. म्हणून नांगराच्या आड आली तरी तिच्यावर कुऱ्हाड पडत नाही.

घराजवळ जमिनीत बांधलेला, झाकण घातलेला गोल हौद दिसेल. तो टांका. भोवतालची जमीन त्याच्याकडे उतार देऊन चोपून घट्ट केलेली असते. तिच्यावर पडलेले पावसाचे पाणी हौदात उतरते आणि पुढे पिण्याला पुरवून वापरतात.

जैसलमेरच्या परिसरात खडीन पाहायला विसरू नका. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पाणी खालच्या सखल शेतात लांब बांध घालून अडवतात. ते जमिनीत मुरले, वरचे आटले, की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरतात. वरून पाण्याची एकही पाळी लागत नाही! पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी रुजवलेली ही पद्धत आजही टिकून आहे.

तिथून मोहनगडकडे वळलात तर इंदिरा गांधी कालवा भेटतो. १९५८ साली काम सुरू झालेला हा सुमारे ६५० किलोमीटरचा कालवा पंजाबातील हरिकेहून पाणी आणतो. वाळूत डोलणारे मोहरीचे पिवळे शेत पाहून मन हरखते. पण उत्तरेला हनुमानगडकडे याच पाण्याने काही जमिनी पाणथळ आणि खारवट केल्या. कृष्णाकाठची क्षारपड राने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पाणी नसले की रान वाळते आणि बेहिशेबी पाजले की नासते.

म्हणून, मंडळी, आता आपल्याच घराचा हिशेब मांडू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छप्पर १०० चौरस मीटरचे आणि पाऊस ५०० मिलिमीटर असेल, तर वर्षाला ५०,००० लिटर पाणी तुमच्या पागोळ्यांतून अंगणात पडते. थोडे वाया गेले असे धरले, तरी टाकीभर पाणी सहज उरावे. जैसलमेरकराला याच्या निम्मेही मिळत नाही, पण तो ते वाहून जाऊ देत नाही. पुढच्या मृगाच्या आत पागोळ्यांखाली एक पन्हळ लावता येईल का, एवढे घरात बसून ठरवा.