मोडतोडीची वही

दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी सराफ पेठेत तीन पिढ्यांची एक पेढी आहे. पेढीचे वयोवृद्ध मालक घरात आणि पेठेतही ‘अण्णा’ म्हणूनच ओळखले जातात. सायंकाळचे जेवण दिवस मावळण्यापूर्वी आटोपून ते ओसरीवर बसले होते. नववीत शिकणारी नात पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि अण्णांची नजर तिच्या बोटावर खिळली. वाढदिवसाला त्यांनीच दिलेली बावीस कॅरटची अंगठी एका बाजूने पांढरी पडली होती, जणू कोणी तिच्यावर चांदीचे पाणी चढविले असावे.

“बाळ, अंगठीला पारा कुठे लागला?” अण्णांनी विचारले.

मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. सोन्याचा आणि पाऱ्याचा संबंध सराफाला सांगावा लागत नाही. पाऱ्याचा थेंब सोन्याला लागला की तो सोन्यात मुरतो आणि पांढरे पारदसंमिश्र तयार होते. प्रश्न एवढाच होता की, शाळकरी मुलीच्या हाती पारा आला कोठून.

हळूहळू सारी हकिगत बाहेर आली. तीन दिवसांपूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा उत्कलनांक काढण्याचा प्रयोग होता. प्रयोग संपल्यावर तिने तापमापी टेबलावर आडवी ठेवली. ती गोल नळी घरंगळत काठापर्यंत गेली आणि खाली पडून फुटली. प्रयोगशाळेच्या दारावर ठळक अक्षरांत सूचना होती : ‘मोडतोड करणाऱ्याकडून दंडासह किंमत वसूल केली जाईल.’ मुलगी घाबरली. मैत्रिणीच्या मदतीने तिने काचा केराच्या टोपलीत टाकल्या आणि पाऱ्याच्या चकचकीत गोळ्या कागदावर गोळा करून कंपासपेटीत ठेवल्या. सरांना काही कळले नाही. ती कंपासपेटी तीन रात्री तिच्या अभ्यासाच्या टेबलावर होती, आणि त्याच खोलीत तिचा पाच वर्षांचा धाकटा भाऊ झोपत होता.

अण्णांनी आवाज चढविला नाही. त्यांच्या तरुणपणी पेठेत पाऱ्याच्या साहाय्याने सोन्याचा मुलामा देणारे कारागीर होते. सोने पाऱ्यात कालवून वस्तूवर लावायचे आणि शेगडीवर तापवून पारा उडवून द्यायचा, ही त्यांची रीत. त्यांतल्या एकाचे हात पुढे एवढे कापू लागले की, त्याला चहाची कपबशी धरता येईना. पाऱ्याला वास नाही आणि त्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. तो तापविल्यावर वेगाने उडतो हे खरे. पण खोलीतील साध्या उष्णतेतही तो थोडा थोडा हवेत मिसळतच असतो. बंद खोलीत लहान मुलांना त्याचा धोका अधिक.

त्यांनी प्रथम धाकट्या नातवाला दुसऱ्या खोलीत पाठविले. पंखा बंद करून खिडक्या उघडल्या आणि विज्ञानाच्या सरांना दूरध्वनी लावला. सर रागावतील असे मुलीला वाटत होते. सरांनी मात्र आधी विचारले, “झाडू तर फिरवला नाही ना?” झाडूने एका थेंबाचे शंभर थेंब होतात आणि ते फरशीच्या सांध्यांत शिरतात. फडक्याने पुसले तर फडके दूषित होते, आणि मोरीत धुतले तर पारा गटाराच्या वाटेने पाण्यात जातो. सरांनी सांगितले तसे घरातील दिवे मालवून विजेरीचा झोत जमिनीलगत आडवा धरला. त्या उजेडात थेंब लकाकू लागले. जाड पुठ्ठ्याच्या कडेने ते एकत्र आणले, ड्रॉपरने उचलून काचेच्या बाटलीत थोड्या पाण्याखाली ठेवले आणि झाकण घट्ट लावले. कागद, रुमाल आणि कंपासपेटी पिशवीत बांधून अंगणाच्या कडेला ठेवली. मुलीने हात साबणाने स्वच्छ धुतले, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलांना डॉक्टरांना दाखविण्यात आले. सुदैवाने अपाय झालेला नव्हता.

पेढीवरचा कारागीर अंगठी पाहून म्हणाला, “अण्णा, भट्टीत धरतो. पारा उडून जाईल, सोने जसेच्या तसे राहील.”

“उडून जाईल तो कुठे?” अण्णा म्हणाले. “तुझ्याच छातीत ना?” अंगठी तापविण्यात आली नाही. तीही झाकणाच्या बाटलीत बंद झाली.

मुलीच्या वडिलांना शाळेवर तक्रार करायची होती. अण्णांनी त्यांना थांबविले आणि ते स्वतःच शाळेत गेले. सरांनी साहित्याची नोंदवही काढली. वर्षारंभी 12 तापमापी होत्या आणि कपाटात आता 8 निघाल्या. मोडतोडीच्या रकान्यात मात्र एकही नोंद नव्हती. म्हणजे हे काही एकाच मुलीने केले नव्हते. चार तापमापींचा पारा कोठे ना कोठे गेला होता, आणि तो कोठे गेला हे शाळेत कोणालाही ठाऊक नव्हते.

तेव्हा अण्णांनी आपल्या धंद्यातील एक गोष्ट सांगितली. सोने गाळताना, घासताना, उजळताना त्याची छीज होतेच. शहाणा सराफ कारागिराच्या हिशेबात ती ठरावीक प्रमाणात मान्य करतो, आणि त्याहून अधिक झाली तर का झाली ते विचारतो. ज्या पेढीवर छीज मुळीच मान्य नसते, तेथे छीज होत नाही असे नव्हे. ती वहीत दिसत नाही, इतकेच. मग ती डाकात भरून निघते किंवा दुसऱ्याच्या दागिन्यातून कापली जाते. “सर, तुमच्या दारावरच्या पाटीने तापमापी वाचल्या नाहीत,” अण्णा म्हणाले, “फक्त नोंद थांबली.”

शाळेच्या प्रयोगशाळेतील सुरक्षिततेचे मर्म या वाक्यात आहे. नियम सर्वांना पाठ असतात. संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्यात सावकाश ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. कारण मिसळताना निघणाऱ्या उष्णतेने वर पडलेले पाणी एकदम उकळते आणि आम्लासह अंगावर उडते. परीक्षानळी तापविताना तिचे तोंड स्वतःकडे किंवा शेजाऱ्याकडे नसावे. वास घ्यायचा तर नळीला नाक न लावता हाताने वारा घालून घ्यावा. चव कशाचीही घेऊ नये. बाटली उचलताना, ओतताना आणि परत ठेवताना तिच्यावरचे नाव वाचावे. वेणी बांधलेली असावी, ओढणी खोचलेली असावी, डोळ्यांवर चष्मा असावा. हे सारे आवश्यकच आहे. पण नियम पाळूनही कधीतरी हात घसरतो, आणि त्यानंतरच्या पहिल्या मिनिटात मूल बोलते की गप्प राहते, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

आम्ल डोळ्यात उडाले तर लगेच वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून निदान पंधरा मिनिटे धुवावा लागतो आणि मग डॉक्टरांकडे जावे लागते. आम्ल मारण्यासाठी डोळ्यात सोडा घालावयाचा नसतो. येथे एकेक क्षण मोलाचा असतो. दंडाच्या भीतीने मुलाने तो क्षण डोळा चोळण्यात घालविला, तर वाचलेल्या पैशांची किंमत फार मोठी होते.

मोठ्या शास्त्रज्ञांनाही हे चुकले नाही. सर हम्फ्री डेव्ही यांच्या डोळ्याला 1812 मध्ये नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटाने इजा झाली. हा पदार्थ घातक आहे हे त्यांना अगोदर ठाऊक झाले होते, कारण त्याचा शोध लावणाऱ्या द्यूलाँ यांनी त्यापायी एक डोळा गमावला होता. डेव्हींना लिहिण्यासाठी मदतनीसाची गरज पडली आणि त्या निमित्ताने मायकेल फॅरेडे त्यांच्याजवळ आले. बर्नरमुळे शाळाशाळांत नाव पोहोचलेल्या बुन्सेन यांचीही एका डोळ्याची दृष्टी प्रयोगातील स्फोटाने गेली. या अपघातांच्या नोंदी राहिल्या म्हणून पुढच्यांना सावध होता आले.

नोंद असूनही ती वाचली गेली नाही तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. निरनिराळ्या क्षारांनी ज्योतीला निरनिराळे रंग येतात, हे दाखविण्यासाठी तेथील शिक्षक मिथेनॉल पेटवीत असत. 2006 मध्ये अशाच प्रयोगात एक विद्यार्थिनी गंभीर भाजली. तिच्या अनुभवावरून तेथील केमिकल सेफ्टी बोर्डाने 2013 च्या डिसेंबरात एक चित्रफीत प्रसिद्ध केली. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कमधील एका शाळेत त्याच प्रयोगात विद्यार्थी भाजले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात डेन्व्हरच्या एका शाळेत मिथेनॉलच्या प्रात्यक्षिकात पुन्हा तसेच घडले. मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. विझली असे समजून बाटलीतून आणखी द्रव ओतावे, तर आग त्या धारेवरून बाटलीत शिरते. आपल्या शाळांतील स्पिरिटच्या दिव्यालाही हाच न्याय लागू आहे. दिवा टोपण घालून विझवावा, पूर्ण निवू द्यावा आणि मगच भरावा. स्पिरिटची बाटली जळत्या दिव्याच्या टेबलावर असूच नये.

व्यापारी घरांत मुलांना लहानपणापासून सांगितले जाते की, तोटा झाला तर तो त्याच दिवशी वहीत यावा; लपविलेला तोटा वाढत जातो. हीच शिकवण प्रयोगशाळेत नेण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. मूल शाळेतून घरी आले की गुणांबरोबर एवढेही विचारावे : आज प्रयोगशाळेत काही सांडले का, फुटले का, कोणाला सांगितलेस? आणि उत्तर ऐकताना पहिला प्रश्न किमतीचा नसावा.

त्या शाळेत पुढे काही गोष्टी घडल्या. प्रयोगशाळा दोन दिवस बंद ठेवून विजेरीच्या उजेडात कानाकोपरा तपासला गेला. गोळा झालेला पारा बाटलीत बंद करून, वर नाव लिहून, घातक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे द्यायचे ठरले. पाऱ्याच्या उरलेल्या तापमापी काढून घेऊन तांबड्या द्रवाच्या आणल्या, आणि त्या ठेवण्यासाठी टेबलांवर खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्या बसविल्या. दारावरची पाटी उतरली.

अण्णांनी पेढीवरची लाल कापडी बांधणीची एक कोरी वही शाळेला दिली. पानावर चार रकाने आखलेले होते : दिनांक, काय घडले, कोणी सांगितले, लगेच काय केले. पहिली नोंद त्यांच्या नातीने केली. मागची तारीख टाकू का, असे तिने विचारले, तेव्हा अण्णांनी नकार दिला. नोंदीला आजचीच तारीख असावी आणि घटना कोणत्या दिवसाची ते मजकुरात खरे लिहावे, असे त्यांनी सांगितले. तिने तसेच लिहिले, मधले तीन दिवसही लिहिले, आणि खाली सही केली.

सरांनी वही हाती घेऊन पाहिली. “अण्णा, रकमेचा रकाना राहिला,” ते म्हणाले.

“राहिला नाही,” अण्णा म्हणाले. “आखलाच नाही.”