यंदाचं माहेरपण क्योतोला

"आता मला नाही गं जमायचं," आई फोनवर म्हणाली, तेव्हा मी प्लेनोतल्या आमच्या गराजमध्ये भाजीच्या पिशव्या हातात घेऊन उभी होते. मार्च महिना होता. उन्हाळ्यात ये, असं मी दरवर्षीप्रमाणे म्हटलं होतं आणि दरवर्षीप्रमाणे "बघू" म्हणायचं सोडून ती सरळ नाही म्हणाली. पुण्याहून मुंबईपर्यंत गाडी, मग विमान, मध्ये कुठेतरी चार तास बसून राहायचं, मग पुन्हा विमान. गुडघ्यांनी मागच्या खेपेलाच जाहीर निषेध नोंदवला होता.

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि काही न सुचल्यामुळे म्हणाले, "मग अर्ध्या वाटेवर ये. मी पण येते."

बोलून गेले खरी, पण रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. आपल्यापैकी बहुतेकींचा हिशोब सारखाच असेल. मी पुण्याला जाते तेव्हा तीन आठवड्यांतला एक सासरी, एक बँक, आधार कार्ड आणि दातांच्या डॉक्टरकडे, आणि उरलेला "एवढ्या लांबून आलीस आणि आमच्याकडे जेवायला नाही?" यात. आई प्लेनोला येते तेव्हा तिसऱ्या दिवशी माझा ओटा तिच्या ताब्यात जातो आणि सहा महिन्यांनी, डबे भाजणीने भरून झाल्यावर, परत मिळतो. बाहेर पडायचं तर गाडी हवी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या रस्त्यावर पायी चालणारा माणूस एकतर कुत्रा फिरवत असतो नाहीतर कुणाची तरी आई असते. आम्ही दोघी एकमेकींच्या घरी पाहुण्या किंवा यजमीण म्हणूनच भेटतो. जिथे दोघींपैकी कुणाचाच ओटा नाही, अशा गावात आम्ही कधी राहिलोच नव्हतो.

अर्धी वाट म्हणून जपान निवडणं हा भूगोलाचा अपमान आहे, हे मी जुनी शिक्षिका असल्याने कबूल करते. दिल्लीहून टोकियो साधारण आठ तास आणि डॅलसहून तेरा-चौदा. पण डॅलसहून थेट विमान आहे, आईलाही दिल्लीहून थेट विमान आहे, आणि मुख्य म्हणजे प्लेनोत जपान अगदीच परकं राहिलेलं नाही. २०१७ साली टोयोटाचं उत्तर अमेरिकेतलं मुख्यालय कॅलिफोर्नियातून इथे आलं, त्याच वर्षी मित्सुवाचं दुकान उघडलं, आणि माझ्या मुलाच्या वर्गात जपानी नावं दिसू लागली. त्यातल्या एका मुलाची आई माझी मैत्रीण झाली. आमची मुलं रविवारी मराठी शाळेत कुरकुरत जातात, तिचा मुलगा शनिवारी जपानी शाळेत. कुरकुर हुबेहूब एकाच सुरातली. मैत्रीला एवढं पुरलं.

नवऱ्याने लगेच एक्सेलची फाइल उघडली. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात शाळेला सुट्टी, त्याच्या रजेचे तीनच दिवस खर्च होणार. फाइलमध्ये दोन दिवसांत चौदा ठिकाणं जमा झाली: क्योतो, नारा, हिमेजी, हिरोशिमा, कानाझावा, जाता जाता कामाकुरा. मी ती फाइल बंद करून वही उघडली. बी.एड.ला आम्हाला पाठटाचण काढायला लावायचे: पस्तीस मिनिटांच्या तासाला उद्दिष्ट एकच, आणि वर्गातल्या सगळ्यांत सावकाश मुलाला धरून. इथे सावकाश मूल सदुसष्ट वर्षांचं होतं.

पहिली पानं मात्र क्योतोची नव्हती, पासपोर्टची होती. अमेरिकेबाहेर पाऊल टाकायचं तर परत येण्याचा शिक्का अजून चालू आहे ना, हे आधी बघायचं. आमचे आहेत. जपानसाठी आम्हा दोघांना व्हिसा हवा. अमेरिकेत राहणाऱ्यांना त्याचा अर्ज आता ऑनलाइन करता येतो. मुलगा इथला नागरिक, त्याला काहीच नको. घरातल्या तिघांत ज्याला अजून बुटाची नाडी धड बांधता येत नाही, त्यालाच कुणी काही विचारत नाही. आईचा अर्ज पुण्याहून. जपानच्या अर्जाबरोबर दिवसवार कार्यक्रमाचा कागद द्यावा लागतो: अमुक तारखेला अमुक गावी, मुक्काम कुठे. म्हणजे पाठटाचण सरकारनेच मागितलं.

तारखांत एक गोम निघाली. २३ नोव्हेंबरला जपानमध्येही सुट्टी असते, श्रमाबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्याची. थोडक्यात त्यांचंही थँक्सगिव्हिंग, टर्की वगळून. यंदा तो रविवार, म्हणून सोमवारचीही सुट्टी. शिवाय क्योतोची मेपलची पानं नोव्हेंबरअखेरीस लाल होतात, त्यामुळे अख्खा देश तिथे. मैत्रिणीने कॅलेंडर बघून हळूच श्वास आत ओढला. जपानी माणूस असा श्वास ओढतो तेव्हा त्याचा अर्थ "अवघड आहे" असतो, हे मी आता शिकले आहे. खोल्या आम्ही मे महिन्यातच धरून ठेवल्या. लाकडी जपानी घरात, चटईवर गाद्या टाकून झोपायची माझी फार हौस होती. आईची मांडी घालून बसणं दोन वर्षांपूर्वीच बंद झालंय. पंगतीत वाढलेली बाई, आणि जपानला जाऊन खुर्ची शोधणार! पलंगवालं साधं हॉटेल घेतलं.

आम्ही शनिवारी निघून रविवारी दुपारी टोकियोला उतरणार, आई सोमवारी सकाळी. एकाच दिवशी पोचायचं ठरवलं असतं तर ती सकाळपासून दुपारपर्यंत विमानतळावर एकटी बसली असती. टोकियोला विमानतळ दोन, नारिता आणि हानेदा, आणि नारिता शहरापासून साठेक किलोमीटर लांब. दोघींची तिकिटं हानेदाचीच आहेत ना, हे मी तीनदा तपासलं. आईसाठी व्हीलचेअर सांगितली तर ती रुसली. "मी काय अपंग आहे?" मी म्हटलं, ती चाकांसाठी नाही, रस्ता दाखवणाऱ्या माणसासाठी आहे. हे तिला पटलं.

बॅगांचा खरा उद्देश जाणकारांनी ओळखला असेलच. तिची बॅग भाजणी, मेतकूट, गोडा मसाला घेऊन येईल आणि माझ्याबरोबर टेक्सासला जाईल. माझी बॅग बदाम आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या घेऊन पुण्याला. हानेदाला अदलाबदल. मैत्रिणीने सांगितलं की टोकियो-क्योतो शिंकान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर वेगळी जागा राखून ठेवावी लागते. त्यापेक्षा विमानतळावरूनच बॅगा हॉटेलवर पाठवून द्यायच्या, दुसऱ्या दिवशी पोचतात. आपण हातात एक पिशवी घेऊन गाडीत बसायचं. उजवीकडच्या दोन आसनांच्या रांगेत खिडकीजवळ बसलं तर हवा स्वच्छ असताना फुजी दिसतो. ती जागा आईची. नवऱ्याच्या फाइलमधला सात दिवसांचा रेल्वे पासही गळाला. २०२३च्या ऑक्टोबरात तो २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला, आणि आमच्यासारख्या थोडं फिरणाऱ्यांना सुटी तिकिटंच स्वस्त.

जेवणाची रंगीत तालीम मित्सुवात झाली. माशाचा तुकडा बाजूला काढला की झालं, असा माझा समज होता. मैत्रिणीने एकेक पाकीट उलटं करून वाचून दाखवलं. सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कातरणांचा अर्क, दाशी, सूपमध्ये, नूडल्सच्या पाण्यात, भाजीतसुद्धा. तिने मला जपानीत एक चिठ्ठी लिहून दिली: मांस, मासे, अंडी नाही, आणि दाशीही नाही. देवळांच्या आसपास भिक्षूंच्या पद्धतीचं शाकाहारी जेवण मिळतं, क्योतोत गरम पाण्यातलं टोफू प्रसिद्ध आहे. चिठ्ठी तिथेही दाखवायचीच. बाकी वेळी त्यांचा तो चिकट, आखूड दाण्याचा भात आणि आईचं मेतकूट. आंबेमोहोरावर वाढलेल्या माणसाला त्या भाताची तक्रार असूच शकत नाही.

मग एकेका गावावर काट मारायला बसले. क्योतो ठेवायचं, यात वादच नव्हता. ७९४पासून हजाराहून जास्त वर्षं राजधानी, आणि १९४५मध्ये अणुबाँबच्या यादीतून अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी नाव काढायला लावलं म्हणून अजून उभं असलेलं. पण क्योतोतलं काय? कियोमिझूचं देऊळ चढावर, फुशिमी इनारीच्या तांबड्या कमानी डोंगरभर. कमानींच्या पायथ्याशी जाऊन यायचं, वर नाही. सान्जूसान्गेन्दो मात्र आईसाठीच बांधल्यासारखं. सुमारे १२० मीटर लांबीचा एकच लाकडी दिवाणखाना, आत १००१ कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, आणि त्यांच्यासमोर अठ्ठावीस रक्षक देवता. त्यात इंद्र आहे, ब्रह्मदेव आहे, आणि बासरी वाजवणारा गरुड आहे. हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "गरुडाच्या हातात बासरी? देणाऱ्याचा गोंधळ झाला असेल."

नाराही ठेवलं. क्योतोहून गाडीने पाऊण तास, रस्ते बहुतेक सपाट, हरणं मोकळी. तोदाइजीच्या पंधरा मीटर उंच बुद्धाचे डोळे ७५२ साली ज्याने रंगवून उघडले, तो बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्या जमलेल्या लोकांनी हातात धरल्या होत्या, म्हणजे पुण्य सगळ्यांना. मराठी शाळेत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलीने विचारलं, मग डोळा वाकडा नाही झाला का?

अडलं ते हिमेजीवर. माझा मुलगा दरवर्षी मागच्या अंगणातल्या काळ्या चिकणमातीचा दिवाळीचा किल्ला करतो. ती माती वाळली की प्रतापगडाला भेगा पडतात. त्याला जपानचा पांढरा किल्ला बघायचाच होता. आणि हिमेजीच्या आत सहा मजले उभ्या लाकडी जिन्यांनी, पायांत चपला नाहीत. नातू वर आणि आजी खाली बाकावर, असा एक अख्खा दिवस. मी त्याला क्योतोतला निजो किल्ला देऊ केला, तोकुगावा इयेयासूने १६०३ साली बांधलेला, जिथे चाललं की जमिनीच्या फळ्या पक्ष्यांसारख्या चिवचिवतात. तो विचारात पडला, पण चेहरा पडलेलाच.

या सगळ्यात आईला काय हवंय, हे मी दहा वेळा विचारलं असेल. उत्तर ठरलेलं: "तुम्हाला आवडेल ते." ही आपल्या आयांची जन्मभराची सवय. मी त्यावर चिडून फोन ठेवलाय, हेही सांगून टाकते. जुलैत एकदा ती सकाळचं फिरून आली होती, धाप लागलेली, आणि सहज म्हणाली, "आमची बाग ज्याची नक्कल आहे, ते कुठे आलं तुझ्या क्योतोपासून?"

आमची बाग म्हणजे सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. पुलंनी 'पूर्वरंग'मध्ये जपानबद्दल लिहिलं, त्यांच्याच नावाची ही जपानी बाग. बाबा गेल्यापासून आई रोज तिथे फिरते. ते तळं, तो हिरवळीचा चढउतार, ठरलेला बाक. म्हणजे आमच्या घरात जपान सगळ्यांत जास्त आईनेच पाहिलेलं होतं, आणि मी तिला दाखवायला निघाले होते.

ओकायामा माझ्या वहीत नव्हतंच, नवऱ्याच्या चौदांतही नव्हतं. क्योतोहून शिंकान्सेनने तासाभरावर. तिथलं कोराकुएन उद्यान ओकायामाचे सरदार इकेदा त्सुनामासा यांनी करवलं, १७०० साली पूर्ण झालं. जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक, बरीचशी सपाट, मोठमोठ्या हिरवळी, आत चहाचा मळा आणि चक्क भातखाचरं. नदीपलीकडे ओकायामाचा काळा किल्ला, त्याला 'कावळा' म्हणतात, कारण हिमेजीचा पांढरा तो 'बगळा'. मूळ बुरूज जून १९४५च्या हवाई हल्ल्यात जळाला. बागेचीही तेव्हा हानी झाली आणि ती जुन्या चित्रांवरून पुन्हा उभी केली. किल्ला काँक्रीटमध्ये १९६६ साली परत बांधला. इतिहासाच्या शुद्धतेला हे चालणार नाही, पण काँक्रीटच्या किल्ल्यात लिफ्ट आहे. आजी आणि नातू एकत्र वर जातील. आणि वाटेत हिमेजी लागतं, गाडीच्या खिडकीतून लांबवर बगळा दिसतो. मुलाने यावर तह केला.

त्यासाठी क्योतोचा एक दिवस गेला, आणि त्याबरोबर सोनेरी मंडप आणि बांबूचं बन. फोटोंत ते नसतील तर क्योतोला गेलात कशाला, असं मला मंडळाच्या कोजागिरीला तिघींनी विचारलं. मैत्रिणीने मात्र पहिल्यांदाच श्वास आत न ओढता मान डोलावली, आणि माझ्या मुलाला ओकायामाच्या मोमोतारोची, पीचच्या फळातून निघालेल्या पोराची गोष्ट सांगितली. आता त्याला ते फळही हवंय.

परतीला शनिवारी सकाळी हानेदाहून आई दिल्लीच्या विमानात बसेल आणि आम्ही डॅलसच्या. आम्ही निघू त्याच दिवशी, निघालो त्याच्या आधीच्या वेळेला, इथे पोचलेले असू. ती रात्री उशिरा पुण्यात शिरेल. त्या सकाळचं टाचण मी अजून काढलेलं नाही.

काल तिचा फोन आला. व्हिसा झाला, रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या बांधल्या, चिवड्याचं काय करू? मग म्हणाली, "ती ओकायामाची बाग सकाळी किती वाजता उघडते?"

"नोव्हेंबरात आठला."

"आठला?" आई म्हणाली. "तोवर तर माझं फिरून, आंघोळ होऊन, चहा झालेला असतो."