चाकाची ढील

गाडी गुणगुणू लागली तेव्हा प्रथम मला ते आवडलेच. वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे गेला की तंबोरा लागल्यासारखा घुमारा निघे. उजवीकडे वळताना वाढे, डावीकडे वळताना विरे. "डावं, पुढचं बेअरिंग," नानांनी मागच्या बाकावरून डोळे न उघडताच सांगितले.

नानांचे वय ८४. गाडी १९७८ ची पद्मिनी, पण नाना तिला अजून फियाटच म्हणतात. १९७४ साली तिचे नाव बदलले. माहेरचे नाव तोंडातून जात नाही ते असे. दिवाळीनंतर ती विकायची, असे आम्ही उभयतांनी ठरवले होते. नानांना सांगायचे तेवढे राहिले होते.

वसुबारसेच्या सकाळी मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला. चाक वरखाली धरून हलवले तर खडखडले. टोपी, पिन, नट. बाहेरचे बेअरिंग आपण होऊन हातात आले. आतले मात्र सीलमागे दडून बसलेले, आणि त्याचे रोळ खड्डे पडून निळसर झालेले. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी घालण्याचा शहाणपणा माझाच. ग्रीस तिथेच वाहून गेले असणार.

नवी वाटी मी हबमध्ये ठोकत होतो. नाना वेताच्या खुर्चीत ऐकत होते. "अजून." टण्. "अजून." टण्. मग आवाज एकदम बद्द झाला. "बसली," नाना म्हणाले. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन त्यात बेअरिंग दाबत राहायचे, रोळांच्या फटींतून ते वर येईपर्यंत. हे काम त्यांनी मागून घेतले. चकल्यांचे पीठ मळणारी आमची सौ. दारात येऊन बघून गेली.

खरी मेख नटाची. चाक फिरवत तो आवळायचा, मग किंचित मागे घ्यायचा. अगदी घट्ट ठेवला तर बेअरिंग तापून जळते. मी आवळला, सोडला, पुन्हा आवळला. मन निश्चिंत होईना. नाना उठले, वाकले, दोन्ही हातांनी चाक धरले. त्यांचे हात अलीकडे कापतात. हलते ते चाक की हात, मला कळेना. त्यांना कळले.

"पाव फेरी मागे घे. हां. घाल पिन."

मी पिन घातली. नाना जुन्या धोतराच्या फडक्याला हात पुसत म्हणाले,

"आणि घेणाऱ्याला सांग, हजार किलोमीटर झाले की ही ढील एकदा बघून घे म्हणावं."

मी खाली मान घालून टोपी ठोकू लागलो.