नळी निघाल्यानंतरचा श्वास
डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधला (१८३६-३७) बसल्या जागी झोपणारा लठ्ठ ज्यो वाचकांना पिढ्यान्‌पिढ्या हसवत आला. १९५६ मध्ये डॉक्टरांनी अतिस्थूलतेतून उद्भवणाऱ्या श्वसनविकाराला पिकविकचेच नाव दिले आणि त्या विनोदाखालचे दुखणे दिसू लागले.

आमच्या एका अतिस्थूल आप्ताच्या घशातून व्हेंटिलेटरची नळी काढली, तेव्हा संकट टळले असे घरच्यांना वाटले. कसोटी मात्र पुढेच होती. उताणे निजल्यावर पोटाचा भार श्वासपटलाला वर रेटतो, फुप्फुसांचे तळ मिटतात, झोपेत घसाही आकसतो. म्हणून अशा रुग्णाला उशाकडून उंच ठेवून, नाकातोंडावर मास्क बसवून दाबाने हवा देतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नळी निघताच ४८ तास असा आधार मिळालेल्या स्थूल रुग्णांत श्वसन कोलमडण्याचे प्रमाण घटलेले आढळले.

मास्कखाली गुदमरणाऱ्या आमच्या आप्ताला भेटीस येणारे सुनावीत, "आता तरी खाणे आवरा!" उपदेशाला पुढे पुष्कळ दिवस असतात, श्वासाला नसतात. देहाच्या मापावरून करुणेचे माप ठरू नये, एवढेच आमचे म्हणणे.