उभ्या गाडीचा कर

इंग्लंडमधल्या रेडिंग शहरातल्या माझ्या फ्लॅटला गाडी लावायला जागा नाही. म्हणून दोन गल्ल्या पलीकडे, दुकानांच्या रांगेमागच्या एका खाजगी आवारात मी महिन्याच्या भाड्यानं जागा घेतली आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर साताऱ्याहून भावाचा फोन आला. आई अंगणात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया करावी लागणार होती. तिसऱ्या दिवशी मी विमानात होते. गाडी त्या आवारात ठेवली आणि पुढचे दहा आठवडे तिचा विचारही मनात आला नाही. आईला कॉटवरून उठवून वॉकरशी उभं करायचं, तिच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या, रात्री तिला कूस बदलायला मदत करायची, यात दिवस कधी उगवला आणि कधी मावळला ते कळत नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी आई काठी टेकत तुळशीपर्यंत चालत गेली आणि मी परतीचं तिकीट काढलं. रात्री हीथ्रोहून रेडिंगची बस पकडली. सकाळी घरात दुधाचा थेंब नव्हता, म्हणून गाडी काढायला आवारात गेले, तर पुढच्या चाकाला पिवळाधमक जॅमर लागलेला. काचेवर नोटीस चिकटवली होती : या गाडीचा कर भरलेला नाही, जॅमर काढण्यासाठी १०० पौंड भरा, २४ तासांत भरले नाहीत तर गाडी उचलून नेली जाईल. जॅमर लावल्याची वेळ खाली लिहिली होती. तो त्याच सकाळी, मी झोपेत असताना, लागला होता.

माझ्या मनात पहिली आली ती भीती नव्हे, चीड होती. गाडी रस्त्यावर नव्हतीच. अडीच महिने ती जागची हललेली नव्हती. ज्या जागेत ती उभी होती तिचं भाडं मी वेळेवर भरत होते. रस्ता वापरलाच नाही तर रोड टॅक्स कसला?

समोरच्या किराणा दुकानाचे गुजराती काका बाहेर आले. मला लेकीसारखं वागवतात. त्यांनी जॅमरकडे पाहिलं आणि ठामपणे म्हणाले, "बेटा, हे बेकायदा आहे. खाजगी जागेत जॅमर लावायला सरकारनं कधीच बंदी केली आहे." त्यांनी या आवारातच जुने दिवस पाहिले होते. जागामालकांनी नेमलेली माणसं दबा धरून बसायची, गिऱ्हाईक पाच मिनिटांसाठी दुकानात शिरलं की जॅमर लावायची आणि तोंडाला येईल तो आकडा मागायची. शेजारच्या टायरच्या दुकानातला मुलगा तर कटर आणतो म्हणाला. मी त्याला थांबवलं, पण खरं सांगते, क्षणभर मलाही ते पटलं होतं.

फोनवर शोधून वाचायला लागले तेव्हा काकांचं म्हणणं अर्धंच खरं निघालं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून खाजगी जमिनीवर कायदेशीर अधिकाराशिवाय जॅमर लावणं हा गुन्हा आहे. स्कॉटलंडमध्ये न्यायालयानं १९९२ मध्येच असे जॅमर बेकायदा ठरवले होते. पण त्या बंदीतले महत्त्वाचे शब्द आहेत ‘कायदेशीर अधिकाराशिवाय’. गाड्यांची नोंदणी आणि कर पाहणाऱ्या डीव्हीएलएला आणि तिनं नेमलेल्या माणसांना तो अधिकार कायद्यानंच दिलेला आहे. पूर्वी तो सार्वजनिक रस्त्यापुरता होता. २००८ च्या दुरुस्तीनंतर तो खाजगी जागांनाही लागू झाला. सूट राहिली ती राहत्या घराच्या आवाराला, म्हणजे घराचाच भाग म्हणून वापरल्या जाणाऱ्या जागेला. दोन गल्ल्या पलीकडचं माझं भाड्याचं आवार त्यात बसत नव्हतं. कटरनं जॅमर तोडला असता, तर कराच्या चुकीवर गुन्ह्याची भर पडली असती.

आता घाई करायला हवी होती. गाडीचा कर आधी भरला, तर फक्त जॅमरचे १०० पौंड द्यावे लागणार होते. कर भरलेला नसेल तर वर १६० पौंड अनामत ठेवावी लागते, आणि ती कर भरल्याचा पुरावा १५ दिवसांत दाखवला तरच परत मिळते. कर ऑनलाइन भरायला गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, म्हणजे लॉग बुकवरचा ११ अंकी क्रमांक लागतो. मी धावत घरी गेले, फाइल काढली, लॉग बुक उघडलं आणि तिथंच थबकले. त्यावर पत्ता लेस्टरचा होता.

लेस्टरला मी शिकायला आले होते. तिथंच पहिली नोकरी, तिथंच ही जुनी गाडी घेतली. नंतर नोकरी बदलून रेडिंगला आले. आल्या आल्या ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता बदलला आणि आता सगळीकडे नवा पत्ता गेला असं धरून चालले. पण लायसन्स माणसाचं असतं आणि लॉग बुक गाडीचं. दोन्हीकडचा पत्ता वेगवेगळा बदलावा लागतो. लॉग बुकवरचा बदलला नाही तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या लॉग बुककडे पाहता पाहता दुसरी गाठही सुटली. ऑक्टोबरमध्ये मी बँक बदलली होती. नव्या बँकेकडून खातं ‘स्विच’ करून घेतलं असतं, तर सात कामाच्या दिवसांत सगळे डायरेक्ट डेबिट आपोआप तिकडे गेले असते. मी मात्र नवं खातं उघडलं आणि जुनं बंद करून टाकलं. भाडं, वीज, फोन आठवणीनं हलवले, दर महिन्याला जाणारा गाडीच्या कराचा हप्ता विसरले. हप्ता चुकल्याचे ईमेल विद्यापीठाच्या पत्त्यावर गेले असणार, आणि तो पत्ता शिक्षण संपल्यावर बंद झाला होता. म्हणजे नोव्हेंबरपासून माझी गाडी बिनकराची होती, आणि ते कळण्याच्या दोन्ही वाटा मीच बंद करून ठेवल्या होत्या.

गाडीची सक्तीची तपासणी, म्हणजे एमओटी, चालू होती, त्यामुळे कर दहा मिनिटांत भरून झाला. मग नोटिशीवरच्या क्रमांकावर फोन करून १०० पौंड भरले आणि आवारात वाट पाहत उभी राहिले. पाऊस भुरभुरत होता. तिथं माझं लक्ष कोपऱ्यातल्या गाडीकडे गेलं. ती गाडी मी गेले तेव्हाही तशीच होती. एक टायर बसलेला, टपावर शेवाळ, काचेवर पानांचा थर. तिला जॅमर नव्हता. स्वच्छ पुसून ठेवलेल्या माझ्या गाडीला जॅमर आणि हिला नाही, हे काही केल्या समजेना.

तेवढ्यात तिचे मालकच आले. निवृत्त बसचालक, सत्तरी ओलांडलेले. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणते. रोज येऊन त्या गाडीशी तासभर झटापट करतात. मी न राहवून विचारलं. ते म्हणाले, "माझी सॉर्नवर आहे."

सॉर्न म्हणजे गाडी रस्त्यावर आणणार नाही, असं सरकारला कळवणं. ही नोंद १९९८ पासून आहे. ती फुकट होते, ऑनलाइन काही मिनिटांत होते. पूर्वी दरवर्षी नव्यानं करावी लागे. २०१३ च्या डिसेंबरपासून एकदा केली की गाडीचा पुन्हा कर भरेपर्यंत, ती विकेपर्यंत किंवा मोडीत काढेपर्यंत टिकते. अट एकच, की गाडी सार्वजनिक रस्त्यावर ठेवायची नाही. ती रस्त्याबाहेर आहे तोवर कर नको, विमाही नको. शिवाय भरलेल्या कराचे जे पूर्ण महिने उरले असतील त्यांचे पैसे परत मिळतात. आजोबांची गाडी चाळीस वर्षांहून जुनी, म्हणजे तिला कर शून्यच. "पण शून्य असला तरी तो नोंदवावा लागतो," ते म्हणाले, "नाहीतर सॉर्न तरी लागतं. तिसरं काही नाही."

हे ‘तिसरं काही नाही’ माझ्या डोक्यात बसलं. २००४ पासून इथला नियम तोच आहे. गाडी तुमच्या नावावर आहे ना, मग एक तर तिचा कर भरलेला हवा, नाही तर सॉर्न हवं. ती चालते की उभी आहे, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. ‘रोड टॅक्स’ या बोलीतल्या शब्दानं मला फसवलं होतं. १९३७ पासून हा पैसा फक्त रस्त्यांसाठी राखून ठेवलेला नाही, तो सरकारच्या तिजोरीत जातो. रस्ता वापरल्याचं ते भाडं नव्हे.

आजोबांनी गाडीतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून दाखवला. त्यात कागदाच्या गोल चकत्या होत्या, एकेका वर्षाची एकेक, वेगवेगळ्या रंगांच्या. १९२१ पासून प्रत्येक गाडीच्या काचेवर अशी कराची चकती लावावी लागे, आणि तिच्यावर कर कधी संपतो ते छापलेलं असे. जाता-येता मालकाच्या, शेजाऱ्याच्या नजरेला ते पडे. १ ऑक्टोबर २०१४ ला चकती बंद झाली आणि सगळं संगणकावर गेलं. रस्त्यावरच्या गाड्यांच्या सरकारी पाहणीत बिनकराच्या गाड्या २०१३ मध्ये ०.६ टक्के होत्या, २०१७ मध्ये त्या १.८ टक्क्यांवर गेल्या. त्यातल्या कितीजणांनी कर मुद्दाम बुडवला आणि कितीजण माझ्यासारखे विसरले, हे त्या आकड्यातून कळत नाही. पण काचेवर चकती असती, तर विमानतळाकडे निघताना मला ती दिसली असती, एवढं मी माझ्यापुरतं सांगू शकते.

दुपारी व्हॅन आली. भिजलेलं जाकीट घातलेला एक तरुण उतरला, कागद पाहिले, गुडघ्यावर बसून जॅमर काढला. उठताना त्यानं विचारलं, "घरी पत्रं आली नाहीत?" आवाजात दरडावणी नव्हती. मी म्हटलं, आली असतील, पण चुकीच्या घरी.

पुढच्या शनिवारी लेस्टरला गेले. त्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. बाईंनी माझी पत्रं रबर बँड लावून जपून ठेवली होती. एका पत्रात कर बंद झाल्याचं कळवलं होतं, दुसऱ्यात ८० पौंडांचा दंड होता. तो लवकर भरला असता तर निम्मा झाला असता. ती मुदत मी आईच्या उशाशी बसलेली असताना उलटून गेली होती. जॅमरचे १०० आणि हे ८०, असे १८० पौंड, म्हणजे त्या वेळच्या दरानं साधारण १९ हजार रुपये गेले. सॉर्न केलं असतं तर एक पैसाही लागला नसता.

पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागली. मी त्या रात्री परत आले म्हणून चोवीस तासांच्या आत हजर होते. आईची तब्येत आठवडाभर आणखी मागेपुढे झाली असती, तर गाडी उचलून नेली असती. मग सोडवायला २०० पौंड, वर ठेवण्याचे दिवसाला २१ पौंड, आणि कोणी न्यायला आलं नाही तर गाडीचा लिलाव किंवा भंगार. साताऱ्यात बसून मला त्यातलं काहीच कळलं नसतं.

महाराष्ट्रात आमच्या घरच्या गाडीचा कर बाबांनी खरेदीच्या वेळीच एकरकमी भरला होता. पुढे गाडी अंगणात वर्षभर झाकून ठेवली, तरी कोणाला काही कळवावं लागलं नाही. आपल्यापैकी बहुतेकजण ही सवय घेऊन इकडे येतात. म्हणून इथं राहणाऱ्या मराठी मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे. जुनी गाडी घेतलीत, तर आधीच्या मालकाचा कर गाडीबरोबर येत नाही. २०१४ च्या ऑक्टोबरपासून तो विक्रीच्या वेळीच संपतो, म्हणून चाकं हलवण्याआधी स्वतः कर भरा. घर बदललंत की लायसन्सबरोबर लॉग बुकवरचा पत्ताही बदला. बँक बदललीत की डायरेक्ट डेबिटची यादी एकदा नीट तपासा. ईमेल असा द्या की जो शिक्षण संपल्यावरही उघडेल. आणि घरून फोन आला, मन थाऱ्यावर नसलं, तरी गाडी रस्त्याबाहेर ठेवून निघताना दहा मिनिटं काढून सॉर्न करा. ते विमानतळाच्या वाटेवर बसमध्ये बसूनही करता येतं.