त्रेसष्टाचे छत्तीस

संपादकांनी फोनवरच अट घातली होती: शिक्षणातल्या संशोधनावर लिहा, पण तक्ते नकोत, आणि ‘सार्थकता स्तर’ वगैरे शब्द तर मुळीच नकोत. शब्द पहिल्याच वाक्यात येऊन गेला. तक्ते टाळते, बाकीची हमी देत नाही.

मी एम.एड.च्या विद्यार्थ्यांना लघुशोधप्रबंधासाठी मार्गदर्शन करते. हे कळल्यावर लग्नाकार्यात लोक दोन प्रश्न विचारतात. “म्हणजे पीएच.डी.सारखंच ना?” आणि “मग हल्लीच्या मुलांचं काय करायचं, ते सांगा.” पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. एम.एड. ही बी.एड.नंतरची पदवी. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या विनियमांमुळे ती २०१५पासून दोन वर्षांची झाली. त्या काळात प्रत्येकाने एक लहानसा प्रश्न घ्यायचा, शाळांत जाऊन माहिती गोळा करायची, प्रबंध लिहायचा आणि बाह्य परीक्षकापुढे मौखिकीला बसायचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत नाही. माहीत नसणे हेच आमच्या धंद्याचे भांडवल असते, पण जेवणाच्या पंगतीत हे कुणाला पटत नाही.

पंगतीतल्यांचे सोडा, ते आमच्यातल्यांनाही पटत नाही. गेल्या मौखिकीत त्याचा पुरावा मिळाला आणि ती गोष्ट अजून सलते आहे. पण ती कळायला आधी विषय कसा ठरतो ते सांगावे लागेल.

प्रवेश झाले की पहिल्या आठवड्यात दारात कुणीतरी उभे असते. “मॅडम, विषय द्या ना.” विषय जणू कपाटात घड्या घालून ठेवलेले असतात. विद्यार्थी बहुधा नोकरीतला शिक्षक असतो, दहा-पंधरा वर्षे वर्गात उभा राहिलेला. त्याच्या वर्गात रोज विषय घडत असतात, पण ते त्याला विषय वाटत नाहीत. ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधांच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत छापलेले असते ते त्याला विषय वाटते: ‘इयत्ता अमुकच्या विद्यार्थ्यांच्या तमुक कौशल्याच्या विकसनासाठी तयार केलेल्या कार्यक्रमाची परिणामकारकता: एक अभ्यास’. कौशल्य बदलायचे, तालुका बदलायचा, की आराखडा तयार. महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तर विचारतात, “नवीन टाइप करायचं की मागच्या वर्षीचंच नाव बदलायचं?”

या ‘परिणामकारकते’शी माझे जुने भांडण आहे. ते थोडे सविस्तर मांडते. कंटाळा आला तर दोन परिच्छेद ओलांडून पुढे या.

पद्धत अशी. चाळीस मुलांची पूर्वचाचणी घ्यायची. समजा, पंचवीसपैकी सरासरी अकरा गुण आले. मग शिक्षकाने स्वतःच तयार केलेला कार्यक्रम स्वतःच पंधरा दिवस राबवायचा आणि उत्तरचाचणी घ्यायची. सरासरी सतरा. आता ‘टी’ मूल्य काढायचे. चाळीस मुलांच्या एका गटासाठी ०.०५ स्तरावर तक्त्यातले मूल्य २.०२ असते, आपले येते बारा किंवा पंधरा. ‘दोन्ही चाचण्यांत फरक नाही’ अशी जी शून्य परिकल्पना मांडलेली असते, तिचा त्याग होतो आणि कार्यक्रम परिणामकारक ठरतो. इतक्या वर्षांत अपरिणामकारक ठरलेला कार्यक्रम माझ्या पाहण्यात जवळजवळ नाही. अपयश येतच नाही अशी परीक्षा ही परीक्षा नव्हे, हे शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

अडचण ‘टी’मध्ये नाही. ते गणित १९०८मध्ये विल्यम गॉसेटने डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरी करताना ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले, आणि ते आजही खणखणीत आहे. ‘टी’ एवढेच सांगते की हा फरक निव्वळ योगायोगाने पडलेला दिसत नाही. तो कशामुळे पडला, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. पंधरा दिवसांत मुले नेहमीच्या तासांनाही शिकत असतात. तीच चाचणी दुसऱ्यांदा सोडवताना हात बसलेला असतो. पहिल्या चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली मुलेच निवडली, तर पुढच्या वेळी त्यांतली काही काहीही न करता वर येतात, कारण त्यांचा तो एक दिवस वाईट गेलेला असतो. कॅम्पबेल आणि स्टॅन्ली या दोघांनी १९६३मध्ये अशा पळवाटांची यादीच करून ठेवली. आम्ही ती वर्गात शिकवतो आणि प्रबंधात विसरतो. खत टाकले, पाऊसही झाला, पीक जोमदार आले; श्रेय खताला द्यायचे तर शेजारचा एक पट्टा बिनखताचा ठेवलेला हवा, हे आमच्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला कळते. रोनाल्ड फिशरने प्रयोगाच्या आखणीचे शास्त्र रचले तेही रॉथमस्टेडच्या शेतावरच, १९१९नंतर. शेतातून आलेल्या शास्त्रातला पट्टा आम्ही वाटेत टाकून दिला आणि तक्ता तेवढा घरी आणला. नियंत्रित गट घ्या म्हटले की उत्तर मिळते, “दुसऱ्या तुकडीचे सर वर्ग देत नाहीत.”

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी त्याच्या वर्गातली अशी एक गोष्ट विचारते, जिचे कारण त्याला ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी अक्कलकोट तालुक्यातल्या एका शिक्षिकेने सांगितले, “दुसरीतली मुलं त्रेसष्ट म्हटलं की छत्तीस लिहितात. कन्नड शाळेतल्या बाई म्हणतात, आमच्याकडे असं होत नाही.”

वाचकांना २०१९चा जून आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला ‘वीस सात’, त्रेसष्टच्या जोडीला ‘साठ तीन’ असे वाचन आले आणि महाराष्ट्र पेटला. मराठी बुडाली इथपासून विधानसभेतल्या कोट्यांपर्यंत सगळे झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे मुद्दा मांडला होता: जोडाक्षरांनी भरलेली संख्यानावे लहान मुलांना जड जातात. शिवाय आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. ‘त्रे’ आधी ऐकू येतो, पण लिहायचा असतो नंतर. तमिळ, तेलुगू, कन्नडमध्ये दशक आधी बोलतात. जर्मन भाषा आपल्यासारखी एकक आधी सांगते, आणि तिथल्या मुलांच्या उलटापालटीवर संशोधन झालेले आहे. आपल्याकडे त्यात ‘एकोण’ची भर. एकोणसत्तरमध्ये सत्तर ऐकू येते, पण लिहायचे असतात साठातले. ही रीत एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्व्याण्णवला अचानक सुटते.

त्या वादात दोन्ही बाजूंनी स्वतःच्या बालपणाचे दाखले दिले. “आम्ही नाही का शिकलो?” हे आपल्या राज्यातले सर्वांत लोकप्रिय शैक्षणिक संशोधन आहे, त्याचा न्यादर्श एक आणि तोही आधीच उत्तीर्ण झालेला. मुलांच्या वह्या घेऊन बोलायला बसलेले मी पाहिलेल्या चर्चांत तरी कुणी नव्हते.

सोलापूर जिल्ह्यात एकाच तालुक्यात मराठी आणि कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. शास्त्रज्ञाने मुद्दाम मांडावी अशी तुलना इथे आयती मांडलेली आहे. शिक्षिकेने आधी नेहमीप्रमाणे ‘संख्याज्ञान विकसन कार्यक्रमा’चा आराखडा आणला. मी कार्यक्रम काढून टाकला आणि श्रुतलेखन तेवढे ठेवले. प्रश्न एवढाच उरला: ऐकलेली दोन अंकी संख्या लिहिताना दोन्ही माध्यमांतली मुले कोणत्या प्रकारच्या चुका करतात?

एवढाच म्हणावे, तर साधन तयार करतानाच तोंडाला फेस आला. संख्या कोणत्या घ्यायच्या? चव्वेचाळीस नको, कारण ४४ उलटले तरी ४४च. वीस, तीस, चाळीस नकोत. उलटायला त्यांत एककच ऐकू येत नाही. छत्तीस घेतले तर लगेच त्रेसष्ट नको, नाहीतर मूल मागचे बघून लिहिते. ‘एकोण’च्या संख्या वेगळ्या मोजायच्या, कारण ६९चे ७९ होणे ही उलटापालट नव्हे, तो दुसराच घोटाळा. ६३साठी ६०३ लिहिणारे मूल तिसऱ्याच वाटेने गेलेले असते. पंचवीसपैकी गुण दिले की या तिन्ही मुलांना सारखाच शून्य मिळतो. इथे तर शून्यांमधलाच फरक हवा होता.

पथदर्शी चाचणीच्या दिवशी मी सोबत गेले. पहिल्या रांगेतल्या मुलाने ‘त्रेसष्ट’ ऐकले, पाटीवर थोडी जागा सोडून आधी ३ काढला आणि मग त्याच्या डावीकडे ६. उत्तर बरोबर. शेजारच्या मुलीने आधी ६ आणि मग ३ लिहिला. तिचेही बरोबर. पाट्या तपासणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसल्या असत्या. पण त्या मुलाने उलट येणारा आवाज स्वतःच शोधलेल्या युक्तीने सुलट केला होता. पुढे १६३ येईल तेव्हा त्याला किती जागा सोडायची ते कळणार नाही. त्या दिवशी साधनात एक नवा रकाना आला, ‘कोणता अंक आधी’, आणि श्रुतलेखन घाऊक न घेता प्रत्येक मुलाला एकटे बसवून घ्यायचे ठरले. काम कित्येक पटींनी वाढले. गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, मुख्याध्यापकांची मर्जी, मध्येच निवडणुकीचे काम, मग स्नेहसंमेलन. संशोधनाचे वेळापत्रक पुस्तकात आठवड्यांत मांडतात. शाळेत दिवाळी, संक्रांत आणि वार्षिक परीक्षा अशा तीनच तारखा खऱ्या असतात.

लिहितानाही मी क्रम बदलायला लावते. तिसरे, कार्यपद्धतीचे प्रकरण आधी लिहा, कारण केलेले ताजे असते. संबंधित संशोधनाचा आढावा म्हणजे ‘अमुक यांनी अमुक साली अभ्यास केला’ अशी वीस वेळा हजेरी नव्हे. कोण कुणाशी सहमत नाही ते सांगा. शिफारशी शेवटी, आणि पुराव्याला झेपतील तेवढ्याच. दोन शाळा बघून ‘शासनाने राज्यभर’ असे वाक्य सुरू झाले की मी तिथेच लाल रेघ मारते. शिक्षिकेने तर मर्यादांत स्पष्ट लिहिले होते की मोजक्या शाळांवरून कन्नड आणि मराठीबद्दल सरसकट विधान करता येत नाही. घरची भाषा, शिकवणाऱ्या बाई, पटसंख्या, सगळेच वेगळे. एका तुलनेत तर शून्य परिकल्पनेचा त्याग करता आला नाही, तेही तिने न लपवता मांडले.

मौखिकीत परीक्षकांनी प्रबंध उघडला, पाने चाळली आणि विचारले, “यात कार्यक्रम कुठे आहे?” तिने सांगितले, कार्यक्रम नाही, चुकांचे विश्लेषण आहे. “म्हणजे तुम्ही काही केलंच नाही. आणि ही एक परिकल्पना सिद्धही झालेली नाही.” पाटी, जागा, आधी कोणता अंक, यांवर एकही प्रश्न आला नाही. त्याच दिवशी तीन परिणामकारक कार्यक्रम उत्तम गुणांनी पार पडले. परीक्षक वाईट नव्हते; त्यांनाही असेच शिकवले गेले. सलते ते हे की ती शिक्षिका बाहेर येऊन म्हणाली, “मॅडम, पुढच्यांना कार्यक्रमच द्या.”

खरे सांगायचे तर कधीकधी मलाही प्रश्न पडतो की वर्गात राबणाऱ्या माणसाकडून हा असला प्रबंध मागायचाच कशाला. कर्ट लेविनने १९४६मध्ये कृतिसंशोधनाची कल्पना मांडली आणि स्टीफन कोरीने १९५३च्या पुस्तकात ती शाळेत आणली: शिक्षकाने आपल्याच वर्गातला प्रश्न, आपल्याच सोयीने, आपल्यासाठी सोडवावा. ते कदाचित जास्त प्रामाणिक. पण आम्ही त्याचाही साचा केला आणि त्यातही पूर्वचाचणी, उत्तरचाचणी घुसवली. साचे मोडायचा माझा उत्साह दरवर्षी थोडा कमी होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तरी नव्या आराखड्यावर सही करण्यापूर्वी मी एक प्रश्न विचारतेच: उत्तर ‘नाही’ आले तर पाचव्या प्रकरणात काय लिहाल? ज्याला यावर दोन वाक्ये बोलता येतात, त्याच्याकडे विषय आहे. “मॅडम, नाही येणारच नाही” म्हणणाऱ्याला मी परत पाठवते, आणि तो दुसऱ्या मार्गदर्शकाकडे जातो.

हे वाचणाऱ्यांत दुसरीचे शिक्षक किंवा पालक असतील, तर एक काम सांगते. त्याला परवानगी, पदवी काही लागत नाही. मुलाला शेजारी बसवा आणि सत्तावीस, त्रेसष्ट, एकोणसत्तर, अठ्ठेचाळीस सांगा. उत्तर नंतर बघा. आधी त्याचा हात कुठून सुरू होतो ते बघा आणि लिहून ठेवा. अशा पाच-दहा मुलांच्या नोंदी झाल्या की ‘साठ तीन’च्या बाजूने किंवा विरुद्ध, जे काही भांडायचे ते भांडायला या. मी तयार आहे.