भंडारदऱ्याची होडी आणि कोलाडचा राफ्ट

पावसाळा ओसरू लागला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. घरातील तरुण मंडळी सहलीचा बेत आखतात, आजी-आजोबांनाही बरोबर न्यायचे ठरते, आणि रक्तदाब मोजून झाल्यावर आजोबा हळूच विचारतात, ‘डॉक्टर, होडीत बसलो तर चालेल ना?’ वाचकहो, या प्रश्नाला मी पूर्वी ‘बसा की’ असे दोन शब्दांचे उत्तर देत असे. आता तसे देत नाही. त्याचे कारण सांगायचे तर आपल्याला प्रथम भंडारदऱ्याला न्यावे लागेल.

अकोले सोडून राजूरच्या पुढे गेले की हवा बदलते. रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा येथे विल्सन धरणाने अडवली आहे. 1926 साली पूर्ण झालेल्या या दगडी भिंतीमागे पसरलेला जलाशय ऑर्थर लेक म्हणून ओळखला जातो. जवळच 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, पलीकडच्या तीरावर रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर, आणि धरणाच्या खाली काही अंतरावर रंधा धबधब्याची खोल उडी. रस्त्याने रतनवाडीला जाता येते. पण जलाशयावरून होडीने जाण्यात जे सुख आहे ते मोटारीत नाही. निदान माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते तसे मानतात.

चार वर्षांपूर्वी आम्ही त्यांना घेऊन अशाच एका होडीत बसलो. अण्णांचे वय तेव्हा 78. हृदयाची लय अनियमित असल्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू. त्यांना मिळालेल्या लाइफ जॅकेटचा एक पट्टा तुटलेला होता. मी तो पाहिला आणि काही बोललो नाही. सगळे बसले होते, ऊन कलत होते, दुसरे जॅकेट मागून खोळंबा कशाला करायचा, असा तो भिडस्त विचार. मध्यावर वारा सुटला, होडी डुलली आणि अण्णांची कानशिलाजवळची बाजू फळीच्या कडेवर आपटली. जखम नव्हती, नुसते टेंगूळ. अण्णा हसत होते. परंतु रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या वृद्धाच्या डोक्याला लागलेला किरकोळ मार किरकोळ मानायचा नसतो. आतील रक्तस्राव काही तासांनीही उघड होऊ शकतो. सुमारे 60 किलोमीटर अंधाऱ्या वाटेने संगमनेर गाठले, सीटी स्कॅन केला, रात्र जागून काढली. सुदैवाने काही निघाले नाही. मात्र त्या रात्री माझी पदवी माझ्या फारशी उपयोगी पडली नव्हती, हे मी विसरलेलो नाही.

पुढच्याच वर्षी पुतण्याने कोलाडच्या राफ्टिंगचा बेत काढला, आणि अण्णा म्हणाले, ‘मीही येणार.’

आपल्या जिल्ह्यात राफ्टिंगसाठी प्रसिद्ध अशी नदी नाही. पुण्याहून ताम्हिणी घाटाने रायगडात उतरले की कुंडलिका भेटते. तिचे पाणी ही एक गंमतच आहे. मुळशी धरणाचे, म्हणजे मुळात पूर्वेकडे वाहून भीमेला मिळणारे पाणी, सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजगृहात उतरवले जाते आणि वीजनिर्मितीनंतर कुंडलिकेत सोडले जाते. याच मुळशी धरणाविरुद्ध 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. सोडलेल्या या पाण्यामुळे उन्हाळ्यातही तेथे सकाळी राफ्ट चालतात. खळाळाच्या काठिण्याच्या सहा श्रेणी मानतात. कुंडलिका साधारण दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत मोडते. म्हणजे तरुणाला मौज, आणि ठिसूळ हाडांच्या माणसाला पुरेसा धोका.

मी तीन कंपन्यांना दूरध्वनी केला. पहिलीने सांगितले, ‘वयाचं काही नाही सर, ऐंशीचे लोक येतात.’ दुसरीने आधी दर सांगितला आणि आठ जणांवर सवलत देऊ केली. तिसऱ्या ठिकाणच्या माणसाने मात्र मलाच प्रश्न विचारले : वय किती, वजन किती, पोहता येते का, हृदयाचा किंवा पाठीचा आजार, फिट येण्याचा त्रास, अलीकडे शस्त्रक्रिया, कोणती औषधे? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे नाव ऐकताच तो नम्रपणे म्हणाला, ‘वडिलांना राफ्टमध्ये घेता येणार नाही. बाकीचे या.’ आम्ही तीच कंपनी निवडली.

आपणही निवड करताना दराआधी हे ऐका की समोरचा काय विचारतो. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. नोंदणीपत्र मागण्यात संकोच नसावा. प्रत्येक राफ्टवर प्रशिक्षित मार्गदर्शक, बरोबर बचावासाठी कयाक, फेकायचा दोर आणि प्रथमोपचार पेटी आहे का, सर्वांत जवळचे रुग्णालय कोठे, हे विचारा. लाइफ जॅकेट घातल्यावर कोणाला तरी ते खांद्यांपाशी वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत सरकले तर ते आपले माप नव्हे. निघण्यापूर्वी काठावर सूचना दिल्या गेल्या नाहीत तर माघारी फिरावे. त्या सूचनांत एक गोष्ट असायलाच हवी : पाण्यात पडल्यास वाहत्या खळाळात उभे राहू नये, पाय दगडांत अडकतो. पाठीवर तरंगत, पावले प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावीत.

साठीपुढच्या, पण तब्येतीने ठीक असलेल्या वाचकांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावे. कवळी आणि श्रवणयंत्र काठावर ठेवावे, चष्म्याला दोरी बांधावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी राफ्टमध्ये बसू नये. लवकर निघण्याच्या घाईत सुई घेतली जाते आणि न्याहारी राहते, हे मी वरचेवर पाहतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा स्टेंट ताजा असेल तर या वर्षी काठच बरा.

अण्णा दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. ‘मला नको म्हणाले?’ एवढेच पुन्हा पुन्हा. तरी ते आले. राफ्ट जेथे थांबतात तेथे सावलीत खुर्ची टाकून, गरम चहाचा पेला हातात घेऊन ते तीन तास बसले. आमचा राफ्ट वळणावर दिसला तेव्हा ते उठून उभे राहिले आणि ओलेचिंब उतरलेल्या पुतण्याला त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘पट्टे सगळे नीट होते का रे?’